मास्तरीणबाई ठेवाव्यात की काढाव्यात

दि. ६ एप्रिल

चिरंजीव धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी पूर्ण, धंदा पूर्वी दिवाणी न्यायालयात पुकारा करणे, हल्ली निवृत्त, शिक्षण इयत्ता चौथी, तेही पहिल्याच परीक्षेत, नाव तुला ठाऊक असलेले व टपालवाल्यासाठी पाकिटाच्या मागे लिहिलेले, सत्य स्मरून लिहून देतो की, तुझे पत्र पोहोचले व वाचून समजले. आमच्याकडे काय चालले आहे असे तू विचारलेस. आमच्याकडे सभा चालली आहे. दुसरे काही चालण्याची या गावात सोय नाही.

तू लग्न होऊन येथून गेलीस तेव्हा होती त्यापेक्षा सभा आता जास्त माजली आहे. बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिमाहीस एकदा सारे गाव जमते, आणि ज्या कामासाठी शहाण्या मुलखात न्यायाधीश, अधिकारी व जाणकार नेमतात ते काम हात वर करून उरकते. मागच्या खेपेस पाण्याच्या टाकीला पत्रा किती जाड असावा यावर मते घेतली. शिंप्याने सुचविलेली जाडी मंजूर झाली. टाकी गळते. गळतीचा विषय पुढील सभेपुढे आहे.

परंतु हे किरकोळ झाले. आरोपीने उठून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसावे, हे न्यायालयात मी जन्मात पाहिले नाही. येथे ते आता होणार आहे. यंदा सूनबाईंनी चौथीची निम्मी मुले नापास केली. मुले नापास झाली असे येथे कोणी म्हणत नाही. बाईंनी नापास केली असेच म्हणतात. आणि मास्तर ठेवणे वा काढणे सभेच्या हाती, सभा पालकांच्या हाती, व पालक मुलांच्या हाती. वखारवाल्यांचे चिरंजीव नापासांचे पुढारी आहेत. स्वतः वखारवाले मला नळावर भेटले.

“आजोबा, तुमच्या सूनबाई फार कडक हो.”

“सात पाचा किती, हे चिरंजीवांना विचारा.”

“तो वखारीत बसणार आहे. त्याला काय करायचंय पाढ्याचं?”

“मग लाकडे मोजणार कशी?”

“मोजायला माणसं ठेवलीत की!” असे म्हणून ते हसले, आणि भोवतीची चार माणसेही हसली. त्या चौघांनाही आपापल्या छपरासाठी लाकूड हवे आहे.

तर मेच्या अखेरच्या रविवारी ठराव येणार: मास्तरीणबाई ठेवाव्यात की काढाव्यात. मला चिंता नाही. चिंता करणे माझ्या स्वभावात नाही. मी सभेस जातो, स्वतःची खुर्ची घेऊन जातो, आणि आजवर एकदाही हात वर केलेला नाही. ज्या हाताने न्यायालयाचे दार उघडले व लावले, तो हात त्या गर्दीत मिसळणार नाही. या सभेचे एकही पाप माझ्या माथी नाही, हे मी अभिमानाने लिहून ठेवतो.

गुडघ्यांची काळजी घे.

तुझा थोरला भाऊ


दि. १७ एप्रिल

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र म्हणजे समन्सच. वाचता वाचता मी उठून उभी राहिले.

तुमच्या शेडचं ऐकून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे तसला बाजार नाही बाबा. इथे काही ठरवायचं असलं की आधी घरोघर पुस्तिका येते. डाव्या पानावर बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, उजव्या पानावर विरोधकांचं. निवांत वाचायचं, मग पडद्यामागे जाऊन चिठ्ठी पेटीत टाकायची. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. पेटीला मिशा नसतात, दादा! तुमच्या वखारवाल्याने कितीही डोळे वटारले तरी पडद्याच्या आत त्याचं काय चालणार?

आता रागावणार नसशील तर एक विचारते. रागावणारच आहेस, तरी विचारते. मी त्याच गावात वाढले. सभेचा नियम मला अजून पाठ आहे. बाजूने असेल त्याने हात वर करायचा. विरोधात असेल त्याने उभं राहून तोंडाने कारण सांगायचं. आणि जो हातही वर करत नाही नि उभाही राहत नाही, तो मोठ्या बाजूचा धरायचा. बदललाय का तो नियम?

नसेल, तर दादा, त्या शेडने आजवर जे जे केलं त्या सगळ्यात तुझं मत आहे. वाचनालय उठवून तिथे वजनकाटा बसवला, त्यात तू. तळ्याकाठची झाडं तोडून वखारीत नेली, त्यात तू. टाकीचा पत्रासुद्धा तुझाच. वखारवाल्याला तुझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा मिळायचा नाही. हात दुखत नाही, घसा बसत नाही, वर खुर्चीसुद्धा घरून आणतो!

आणखी एक. शाळेमागच्या त्या दोन खोल्या कुणाच्या? शाळेच्या. सुनेची नोकरी गेली की खोल्याही गेल्या. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. तुझा मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा तोंड दाखवतो. तुम्ही दोघं जाणार कुठे? ‘चिंता माझ्या स्वभावात नाही’ म्हणे. अक्षर बघ तुझं, त्याच ओळीत थरथरलंय.

माझं बरं आहे. आठवड्यातून दोनदा बसने खाली इस्पितळात जाऊन गुडघे शेकून घेते. त्या बसवरच या महिन्यात चिठ्ठ्या आहेत: वरच्या आळीला बस चालू ठेवावी की नाही. पुस्तिका छान निघालीय. आमच्याकडचे लोक समजूतदार आहेत, काळजी नाही.

सुनेला माझा आशीर्वाद. तिला म्हणावं, एकालाही फुकटचे गुण देऊ नकोस.

तुझी धाकटी


दि. २५ एप्रिल

चिरंजीव धाकटीस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यातील मजकूर अमान्य आहे.

मौन हे मौन असते. न्यायालयात आरोपी गप्प बसला तर त्याने गुन्हा कबूल केला असे धरीत नाहीत. सभा तसे धरीत असेल तर तो सभेचा अडाणीपणा आहे. त्याची भरपाई मी का करावी? तथापि तुझ्या बोलण्यात तथ्य नाही हे सिद्ध करावे म्हणून मी यंदाच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षपद येथे पाळीपाळीने फिरते व सध्या ते सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे आहे. तो चाकात मान घालून बसला होता.

“आजोबा, तुमचं काय विचारता! तुम्हाला तर आम्ही आधीच मोजून ठेवतो. मोजणी तुमच्यापासूनच सुरू होते.”

“कोणत्या बाजूस?”

“जी मोठी असेल ती. तुमची आमची कधी तक्रार नाही.”

मी सूनबाईंची सायकल हवा न भरताच परत आणली.

आता तुझ्या पेटीविषयी. न्यायालयात निनावी अर्ज येत असत. ते कोणी वाचीत नसे. सरळ टोपलीत जात. तुमच्याकडे टोपलीलाच कुलूप लावून तिला राज्यकारभार म्हणतात, एवढाच फरक. पडद्यामागे माणूस काय करतो ते पडद्यासच ठाऊक. ज्याला आपले मत उजेडात आणण्याची लाज वाटते, त्याचे मत अंधारात तरी कशाला हवे? पुस्तिकेचे कौतुक मला सांगू नकोस. लोक पुस्तिका वाचतात हे तुला कोणी सांगितले? पुस्तिकेनेच सांगितले असेल.

आपल्या मधल्या भावाच्या चिरंजीवांचे तर विचारूच नकोस. तो ज्या शहरात राहतो तेथे घरबसल्या मोबाइलवर अंगठा दाबून राज्य करतात. परवा फोनवर सांगत होता, “काका, काल दाढी करता करता मी सोळा ठराव निकालात काढले.” त्यात एक पूल पाडावयाचा होता. पूल कोठे आहे असे विचारले, तर म्हणाला, “असेल कुठेतरी नदीवर.” अंगठेबहाद्दर पूर्वीही होते, परंतु त्यांना निदान आपण अडाणी आहोत हे ठाऊक असे.

घरातील हकीकत. सूनबाईंना मी सुचवून पाहिले की, चार चार गुण वाढविल्यास बरीच मुले काठावर येतील. त्या वह्या तपाशीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाबा, तुम्ही चौथी कसे पास झालात?”

“पाढे म्हणून.”

“मग?”

मी चष्मा पुसावयास घेतला. त्या पुढे म्हणाल्या, “आणि सभेत माझ्यासाठी कुणाचे पाय धरायचे नाहीत.”

“मी आजवर कोणाचेही पाय धरलेले नाहीत.”

“ते खरंच आहे, बाबा. पाय नाही, बाजू नाही. तुम्ही कधी काहीच धरलेलं नाही.”

एवढे बोलून त्या दिवा लावावयास उठल्या. या वाक्याचा अर्थ मी लावीत बसलो नाही.

खोल्यांविषयी तू लिहिलेस ते अनावश्यक होते. माझे अक्षर थरथरत नाही. टाक जुना झाला आहे. या विषयावरील पत्रव्यवहार येथे बंद.

तुझा थोरला भाऊ


दि. २१ मे

तीर्थरूप दादास नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तू पत्रव्यवहार बंद केलास म्हणून नव्हे. टपालपेटी खाली चौकात आहे, आणि खाली जायला आता बस नाही. हे पत्र दूधवाल्याच्या हाती देते आहे. विसरला नाही तर पोहोचेल.

बस बंद झाली, दादा. अगदी कायद्याने, नीटनेटकी बंद झाली. भांडण नाही, आरडाओरड नाही. पुस्तिकेत आमच्या आळीचं म्हणणं उजव्या पानावर सुरेख छापलं होतं. खालच्या लोकांनी ते वाचलं, आणि ज्यांच्या दारावरून बस जातच नाही त्यांनी तिचा खर्च का सोसावा असा शांतपणे विचार केला. आम्ही वर मूठभर, ते खाली गावभर. चिठ्ठ्या मोजायला वेळही लागला नाही म्हणे.

पण मला टोचतं ते वेगळंच. सगळे इतके गोड बोलतात! औषधवाला निरोप पाठवतो, ‘आजी, गुडघे कसे आहेत?’ माझी विहीण खालीच राहते, ती फोनवर म्हणाली, “ताई, आम्ही तर तुमच्याच बाजूने.” इस्पितळातली नर्स आमच्याच बाजूने. पुस्तिका छापणारासुद्धा आमच्याच बाजूने. ज्याला विचारावं तो आमचाच. मग बंद केली कुणी? बसने आपली आपण?

तू निनावी अर्ज म्हणालास तेव्हा मला राग आला होता. आता रागवायला कुणाचं तोंडच सापडत नाही. तुझ्या वखारवाल्याला निदान तोंड आहे.

गेले काही दिवस जिन्याच्या पायरीवर बसून खालचा रस्ता बघते. कंटाळा येतो.

महिनाअखेरच्या रविवारी तुमची सभा. दादा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तू दिलंही नसतंस म्हणा. पण या वेळी ऊठ. कारण सांग. हरलास तरी कोण कुठे उभं होतं ते सुनेला दिसेल. मला ते कधीच दिसणार नाही.

तुझी धाकटी


दि. २ जून

चिरंजीव धाकटीस अनेक आशीर्वाद.

बस बंद झाल्याचे वाचले. तुझ्या गावाविषयी मी मागे जे लिहिले होते ते खरे ठरल्याचा आनंद मला झालेला नाही, हे प्रथम नमूद करतो.

आता सभेची हकीकत, पाहिली तशी.

शेडमध्ये बसावयास जागा नव्हती. कांद्याच्या गोण्यांवर माणसे, वजनकाट्यावर माणसे. अध्यक्ष पान्याने डबा बडवून शांतता मागत होते आणि त्या बडवण्यानेच गोंगाट वाढत होता. सूनबाई दाराजवळच्या खांबाशी उभ्या होत्या. पगारी माणसाला सभेत मत नसते. वखारवाले बोलावयास उठले.

“बाईंबद्दल आमचं काही म्हणणं नाही. बाई हुशार आहेत. फारच हुशार आहेत. पण मुलांच्या कलाने घेणारं कुणीतरी हवं. लोकांची शाळा आहे, लोकांच्या मनासारखी चालावी.”

मग ‘काढा’ म्हणणाऱ्यांचे हात मागितले. हात एकदम वर जात नसतात. ते रांगेने जातात. प्रथम वखारवाल्यांचा. मग त्यांच्या चाळीतील भाडेकरूंचे. मग ज्यांना लाकूड हवे आहे त्यांचे. मग ज्यांना पुढेमागे लागेल त्यांचे. शिंप्याने आधी कोपरापर्यंत वर केला, इकडे तिकडे पाहिले, आणि मग पूर्ण केला. पुष्कळ लोक मात्र आपल्या चपलांकडे पाहत बसले होते.

“विरोधात कोण?” अध्यक्षांनी विचारले. एकटी दूधवाली उठली.

“माझी पोरगी नापास झालीय. बरं झालं. तिला येत नाही हे मला कळलं तरी. बाई राहू द्या.”

“अजून कोणी? नाही? मग उरलेले मोठ्या बाजूला. घ्या मोजायला, आजोबांपासून.”

आणि त्याने माझ्याकडे बोट केले, धाकटे. रागाने नव्हे, दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसावे तसे. मोजणाऱ्याने ‘एक’ म्हटले. तो एक मी होतो.

मी उभा राहिलो.

“काय आजोबा, पाठीला रग लागली?” कोणीतरी विचारले.

“अध्यक्षमहाराज, माझी हरकत आहे.”

त्या शेडने माझा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. पान्याने जे झाले नाही ते त्याने झाले. मी म्हणालो, “बोट दाखवून मोजतात ती मेंढरे. माणसांचा पुकारा करतात. सभासदाचे नाव घ्या. त्याने बाईंकडे पाहून ‘ठेवा’ म्हणावे किंवा ‘काढा’ म्हणावे. कारण विचारू नका. जो बोलणार नाही त्याला कोणत्याही बाजूस धरू नका.”

“असा नियम नाही,” वखारवाले म्हणाले.

“नियम सभाच करते ना? मग करा. ज्यांना पुकारा हवा त्यांनी हात वर करा.”

हात वर गेले. हात वर करण्याची या लोकांना इतकी सवय आहे की, कशासाठी ते कळण्याच्या आत हात वर जातो. वखारवाल्यांचाही निम्मा वर गेला होता; मग त्यांनी त्याने डोके खाजविले.

“पण पुकारणार कोण?” अध्यक्षांनी विचारले.

हा प्रश्न मी ऐकला नाही असे केले आणि पुढे गेलो.

नावे मी घेतली. माणूस म्हातारा होतो. पुकारा होत नाही. प्रत्येक नाव तीनदा, न्यायालयात घेत असे तसे, आदरार्थी. गंमत म्हणजे, जो माणूस गर्दीत बेलाशक हात वर करतो त्याला पूर्ण नावाने हाक मारली की तो प्रथम सदरा सारखा करतो. भाडेकरूंनी जमिनीला सांगितले, ‘काढा’. त्यांचा मला राग नाही. छप्पर कोणालाही लागते, हे मी अलीकडे शिकलो. शिंपी उठला, सूनबाईंकडे पाहिले, तोंड उघडले, मिटले, आणि म्हणाला, “ठेवा. मघाशी हात माझा चुकून गेला.” चपलांकडे पाहणाऱ्यांपैकी बरेच जण ‘ठेवा’ म्हणाले, कारण सांगावयाचे नव्हते म्हणूनच म्हणाले असावेत. काही मागल्या मागे बाहेर सटकले होते. त्यांची नावे मी रस्त्यास ऐकू जातील अशी पुकारली. चहाच्या टपरीमागून एकाचे उत्तर आले, “ठेवा! ठेवा! पण माझं नाव जरा हळू घ्या!”

वखारवाल्यांच्या पत्नीचे नाव आले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने सूनबाईंकडे पाहिले.

“ठेवा. घरी त्याचा पाढा मी घेते ना. मनाला येईल तो आकडा ठोकून देतो. बापावर गेलाय.”

अध्यक्षांनाही हसू आवरेना, त्यामुळे डबा बडविणारे कोणी उरले नाही.

शेवटी एकच नाव राहिले. ते घेणारा व त्याला उत्तर देणारा एकच होता. मी ते तीनदा घेतले. मग आपल्या जागी परत गेलो, उभा राहिलो, आणि उत्तर दिले: ठेवा. कारण कोणी विचारले नव्हते. ते मी सांगितले. “मी इयत्ता चौथी पास आहे. माझ्या वेळी सभेला विचारून पास करीत असते, तर आज येथे ही नावे वाचावयास कोणी नसते.”

थोडक्याच मतांनी, पण बाई राहिल्या.

हे सभेचे शहाणपण असे समजू नकोस. नाव घेतले की माणसाला अंमळ लाज वाटते, एवढेच. ती लाज किती वेळ टिकते तेही लगेच दिसले. वखारवाले पुन्हा उठले आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “बाई राहिल्या, आम्हाला आनंदच आहे. आता दुसरा ठराव. नापास झालेली सगळी मुलं पास.”

ते खाली बसण्याच्या आत सारी शेड हातांनी भरून गेली. शिंप्याचा हात. टपरीमागून परत आलेल्याचा हात. दूधवालीचाही, धाकटे, तिने दुसऱ्या हाताने पदर तोंडावर घेतला होता. एकटा मी उभा होतो.

“आजोबा, कारण?”

“पाढे हात वर करून येत नाहीत.”

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या. टाळ्यांसाठी खाली घेतलेले हात पुन्हा वर गेले आणि ठराव मंजूर झाला.

परत येताना माझी खुर्ची सूनबाईंनी उचलली. घरी आल्यावर मिठाचे गरम पाणी पुढे ठेवून म्हणाल्या, “गुळण्या करा, बाबा. घसा बसलाय.” मी केल्या.

शाळा पंधरा तारखेस उघडते. सभेने पास केलेली मुले पाचवीच्या खोलीत बसणार. सूनबाईंनी राजीनामा लिहिला आहे की काय, मला ठाऊक नाही. टेबलावर एक घडी घातलेला कागद आहे. मी तो उघडलेला नाही.

तुझा थोरला भाऊ


दि. ११ जून

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं, एकदा मोठ्याने. शेजारीण विचारत आली की घरात कुणाला बोलावतेस म्हणून.

दादा, तू उभा राहिलास! आता लगेच शेफारू नकोस.

माझ्याकडची खबर ऐक. आमच्या व्यवस्थेला मी पार शिव्या घातल्या, पण तिच्यात एक सोय आहे जी तुझ्या शेडमध्ये नाही. पुरेशा सह्या जमल्या की तोच प्रश्न पुन्हा पेटीत टाकावा लागतो. म्हणून मी दूधवाल्याच्या गाडीवर बसून रोज सकाळी खाली उतरते. किटल्यांच्या मध्ये बसते; किटल्या खडखडतात, मीही खडखडते. दारोदार कागद पुढे करते. पडद्याआड बस बंद करणारे समोर कागद आला की काय सह्या करतात म्हणून सांगू! औषधवाल्याने पहिली केली. म्हणाला, “आजी, मी तर आधीपासूनच तुमचा.” मी म्हटलं, “हो रे बाबा, सगळेच आधीपासूनचे. सही वाचता येईल अशी कर.”

विहिणीने मात्र केली नाही. चहा पाजला आणि म्हणाली, “ताई, खरं सांगते, मी तेव्हा बंद करा म्हटलं होतं. पुन्हा तेच म्हणेन.” दादा, तिचा हात धरावासा वाटला. एवढ्या मोठ्या गावात एक बाई सापडली!

सह्या जमतील असं वाटतं. पुढे पुन्हा पडदा, पुन्हा पेटी. काय होईल ते सांगता येत नाही. हरले तर किटल्यांमध्ये जागा आहेच.

पण सुनेचं काय ते आधी कळव. तो कागद उघड, नाहीतर तिला सरळ विचार. सुनेला प्रश्न विचारल्याने कुणाची पगडी पडत नाही.

तुझी धाकटी


दि. १९ जून

चिरंजीव धाकटीस अनेक आशीर्वाद.

कागद मी उघडला नाही. विचारलेही नाही. पंधरा तारखेस सूनबाई शाळेत निघाल्या तेव्हा तो त्यांनी स्वतःच उचलला आणि चुलीत घातला. इतके मी पाहिले व इतकेच पुरे आहे.

पुढील मजकूर शाळेच्या ओट्यावरून पाहिलेला आहे. नापास मुले नवीन दप्तरे घेऊन पाचवीच्या खोलीत, खऱ्या पास मुलांशेजारी बसली होती. सूनबाई आत गेल्या, फळा पुसला, मधोमध वरून खालपर्यंत एक रेघ ओढली. उजव्या अंगास पाचवीचा धडा लिहिला. डाव्या अंगास सातचा पाढा.

एक मूल उठले. “बाई, तो पाढा चौथीचा आहे.”

“हो.”

“पण आम्ही पास झालो. सभेत.”

“म्हणून तर खोली पाचवीची दिली. फळा माझा आहे. बस खाली. सात एके?”

आवाज प्रथम दोघातिघांचा होता, मग वर्गाचा झाला. तेवढ्यात कोणीतरी वर्दी दिली असावी, कारण वखारवाले खिडकीशी येऊन उभे राहिले.

“बाई, हे ठरावाच्या विरुद्ध आहे.”

“ठरावात ‘पास’ म्हटलंय. ‘शिकवू नका’ असं म्हटलेलं नाही. तो ठराव पुढच्या सभेत आणा.”

वखारवाल्यांनी सूनबाईंकडे पाहिले, मग ओट्यावर माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ केला. ते खिडकीपासून हलले नाहीत. सूनबाईंनी त्यांच्या चिरंजीवांस उभे केले आणि सात नवे विचारले. चिरंजीव छताकडे पाहू लागले. खिडकीबाहेरून हळूच आवाज आला, “त्रेसष्ट.”

“बाहेरच्यांना बोलायचं असेल,” सूनबाई मागे वळून न पाहता म्हणाल्या, “तर हात वर करावा.”

त्यांनी केला.

पुढची सभा ऑगस्टात आहे. ती काय करील याचा भरवसा मी देत नाही. सभेचा भरवसा देणारा माणूस अजून जन्मावयाचा आहे. सूनबाई तोवर सातावरून आठावर जातील असे दिसते.

तुझ्या सह्यांच्या कागदावर परगावच्या माणसाची सही चालत असल्यास कळवावे. विहीणबाईंस माझा नमस्कार सांगावा. असे साक्षीदार दुर्मिळ असतात.

वरील मजकूर खरा असून तो लिहिताना मी पूर्ण शुद्धीत होतो. त्या वेळी हजर असलेले साक्षीदार:

सूनबाई, वर्गात, खडू हाती.

दूधवाली, दारात, पदर तोंडावर नव्हता.

यंदाचे अध्यक्ष, रस्त्यावर, दुसऱ्याच्या सायकलीसह.

वखारवाले, खिडकीबाहेर. आपले नाव साक्षीदारांत घालू नये अशी त्यांनी विनंती केली. विनंती ऐकून घेतली, नोंदविली व नामंजूर केली.